जावयाची चौकशी आणि डांबराचे डाग

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण कोल्हापुरातली ती केस आठवली की मला अजून हसू आवरत नाही.

सकाळी पोलिस ठाण्यात हजेरी चालू होती. एक गृहस्थ तावातावानं आत आले, सोबत नवा जावई. आपल्या नव्याकोऱ्या लाल गाडीवर शेजाऱ्यानं ॲसिड टाकलं, अशी फिर्याद. "दारात गाडी लावली तर बघून घेतो म्हणालता. आत टाका त्याला!"

शेजाऱ्याला बोलावलं. याच गृहस्थांच्या पोरीच्या लग्नात मांडवात राबलेला माणूस. "साहेब, भांडलो व्हय. पण ॲसिड? आईशप्पत न्हाय," म्हणत त्यानं हात जोडले. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून पोलिसाचं भागत नाही.

पंचनाम्याला गाडीपाशी गेलो. दाराखालचा रंग खरवडून निघालेला आणि कडेनं डांबराचे काळे थेंब. ॲसिड टाकणारा डांबर कशाला टाकेल? तेवढ्यात हवालदारानं खबर आणली. परवा जावई ही गाडी घेऊन गडहिंग्लजला गेले होते आणि त्या रस्त्यावर नवं डांबर पडत होतं.

सासऱ्यांना सांगितलं तर ते खवळले. "जावईबापूंवर संशय? देवमाणूस हाय त्यो!"

जावयाची चौकशी करणं आपल्याकडं सोपं नाही. मी चहा मागवला. जावयांनी तो शांतपणे संपवला आणि प्रत्येक प्रश्नाला "मला न्हाय ठाऊक" एवढंच म्हणाले.

आमच्या जीपलाही डांबर लागलं होतं. मी मोठ्यानं हवालदाराला म्हणालो, "थिनर आणा आणि भांड्याची तारेची घासणी. चांगलं रगडून काढा."

जावई ताडकन उठले. "नको साहेब! रंगच निघतोय की वो!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

ते मान खाली घालून म्हणाले, "डांबर काढाया मीच घासलं, साहेब." सासरे जावयाकडं बघेनात आणि शेजाऱ्याकडं तर त्याहून नाही. शेवटी पुटपुटले, "फिर्याद मागं घेतो, साहेब." मग शेजाऱ्याला म्हणाले, "चुकलं माझं."

शेजाऱ्यानं बाह्या सरसावल्या. मग जावयाला म्हणाला, "चला पावणं, ऱ्हायलेलं डांबर तरी नीट काढू. गाडी सावलीत घ्या. खोबरेल लावा, जरा दम धरा, मऊ फडक्यानं पुसा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. आणि साहेबांची जीप बी तुम्हीच पुसा!"

घरात काही बिघडलं की आपण आधी शेजाऱ्याची कॉलर धरतो, जावयाला मात्र चहा विचारतो. हे मी त्या दिवशी शिकलो. आता माझे जावई सणाला येतात आणि माझी गाडी घेऊन फिरतात. कुठं गेला होता, हे विचारायची माझीही हिंमत होत नाही. म्हणून डिकीत खोबरेलची बाटली आणि माझं जुनं बनियन कायम ठेवलेलं असतं.