हेडाचे नट मी आवळले नाहीत

रेवाबाईवर अन्याय झाला. चार वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आदल्या मंगळवारी, दुपारच्या पाळीत, वाशीमच्या कापसाच्या जिनात. तो मालकानं केला असं तुम्ही वाचलंत – माझ्याच पत्रकात. तो मी केला. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. सभेत नाही, घरी नाही.

जिनाच्या डिझेल इंजिनाचं हेड पाणी सोडू लागलं होतं. मॅनेजर म्हणे, इंजिन पायावरून उतरवून अकोल्याला पाठवा. म्हणजे काय? ऐन हंगामात सरकी काढणारे रेचे बंद, अन् रेच्यांवर कापूस घालणाऱ्या साऱ्या बाया घरी. मी फिटर, अन् कामगारांचा पुढारीही. ठणकावलं – इंजिन जागचं हलणार नाही. आढ्याला साखळीची कप्पी टांगली, नट सोडून हेड तेवढं वर उचललं, त्याखालचं जळलेलं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं. महायुद्धाच्या त्या टंचाईच्या दिवसांत हे कोरं पॅकिंग मालकानंच खटपट करून मिळवलं होतं. हे वाक्य नीट वाचा. ते लिहायला मला चार वर्षं लागली.

नवं पॅकिंग बसलं की इंजिन एकदा तापवायचं, थंड होऊ द्यायचं, मग नट पुन्हा आवळायचे – पॅकिंग दबतं, नट सैल पडतात. मला माहीत नव्हतं का? टाकीत पाणी भरणाऱ्या रेवाबाईला मीच तर ऐटीत समजावलं होतं. ती हसून म्हणाली होती, "एवढे लाड त माह्या नवऱ्याचेही नाही केले मी!"

सकाळी इंजिन तापवून बंद केलं. ते थंड होत होतं – पण शिरपूरला माझी सभा होती, मोटार सुटायची होती. पान्हा ठेवला, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला. रेवाबाईनं मागून हटकलं, "अन् ते नट, फिटर? आवळून जाय ना!"

"सभेहून आल्यावर," मी म्हणालो. तोवर इंजिन चालू करू नका, एवढंही कुणाला सांगितलं नाही.

शिरपूरला मी मालकांच्या बेपर्वाईवर बोललो. टाळ्या पडल्या. इकडे दुपारच्या पाळीला इंजिन सुरू झालं, तापलं, हेडाच्या सांध्यातून उकळतं पाणी उडालं अन् रेवाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

परत येऊन मी काय केलं? पत्रक लिहिलं. मालकानं जुनं पॅकिंग लावायला भाग पाडलं, म्हणून बहिणीचा हात भाजला! मालक पिळत होता हे खरंच होतं, त्यामुळं हे खोटं खपलं. तो हात दाखवायला मी तिला सभेत उभं केलं. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मालकाचं पाप मालकापाशी. हा हात तुह्यापायी भाजला, फिटर. नट तू नाही आवळले."

दुसऱ्या पत्रकात मी तिला मालकानं विकत घेतलेली जीभ म्हटलं. बायांनी तिच्याशेजारी बसून भाकर खाणं सोडलं. फाटकाशी 'फितूर, फितूर' ओरडा व्हायचा. हंगाम सरायच्या आत ती इंझोरीला भावाकडे निघून गेली. अन् मी? अन्यायाविरुद्ध तिसरं पत्रक लिहीत होतो.

चळवळ बदनाम होईल, असं सोबती म्हणतील. म्हणोत. मालकाशी माझं भांडण मिटलेलं नाही. यापुढं ते खऱ्यावर लढेन.

माफी मागत नाही. इंझोरीला तिच्या दारापुढं हे पत्रक मी स्वतः वाचणार आहे. वाशीमचं काम तुमचं. जिनाच्या ज्या फाटकाशी तुम्ही तिला फितूर म्हणालात, तिथंच उभे राहून हे मोठ्यानं वाचा. अन् खाली माझ्या नावाशी आलात की आवाज बारीक करू नका.