चुकलेल्या सल्ल्यांची वही

मोटरवाल्याचं डोकं जिन्याला आपटलं. पंचवीस वर्षांपूर्वी आपटलं होतं, अगदी तिथेच.

“वाकून या, अशी पाटी आहे बाहेर,” बाई म्हणाल्या. “तेव्हाही वाचली नव्हतीस.”

शाळेच्या जिन्याखालची ही खोली बाईंची. दहावी झालेली पोरं ‘आता पुढे काय’ विचारायला इथेच यायची. मोटरवालाही आला होता. आज मुलीला घेऊन आला होता. त्याच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात सगळे तिला चिमणी म्हणायचे. चिमणी हातातला कोरा प्रवेश अर्ज घडी करत आणि उलगडत उभी होती. पाचच्या आत तो शाळेच्या खिडकीत द्यायचा होता.

“बाई, मला शिक्षक व्हायचं होतं,” त्याने सरळ सुरुवात केली. हे वाक्य त्याने मनात इतकी वर्षं घोळवलं होतं की आता ते गुळगुळीत झालं होतं. “तुम्ही म्हणालात, हात चांगले आहेत, मोटरीत तारा भरायचं वाइंडिंग शीक. शिकलो. आयुष्य जळक्या मोटरी भरण्यात गेलं. आता ही एवढे मार्क मिळवून तेच शिकायचं म्हणते. सायन्स घे म्हणून तुम्हीच सांगा हिला.”

बाईंना काही आठवायचं नाही, याची त्याला खात्री होती. पण बाईंनी कपाटातून एक जाड वही काढली, पान शोधलं आणि त्याच्यापुढे धरलं. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘शिक्षक व्हायचं म्हणत होता. मी हात पाहिले, बोलणं ऐकलं नाही. माझं चुकलं.’

खाली तारीख होती एकोणीस वर्षांपूर्वीची, म्हणजे सल्ल्यानंतर सहा वर्षांनी.

“तुमच्या कसं लक्षात आलं?”

“मी तुझ्या दुकानात मिक्सर घेऊन आले होते ना?”

त्याला आठवलं. मिक्सर छान चालत होता. याला काहीच झालेलं नाही, असं त्याने सांगितलंही होतं.

“बिघडला नव्हताच तो. सल्ला दिलेल्या पोरांपैकी दर रविवारी एकाकडे जाते. कुणाकडे चप्पल शिवायला, कुणाकडे दात दाखवायला. तू मान वर न करता बोललास, तेव्हाच कळलं, तुझं मन तिथे नाही.”

त्याने पानं चाळली. संपेनातच.

“दोनशे अकरा,” बाई म्हणाल्या. “बरोबर निघालेल्यांची वही नाही. त्यांच्याकडून मी काय शिकणार?”

भांडायला आलेला माणूस वही दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला.

“मग हिला सांगा ना.”

“खोलीत बसून सांगितलं म्हणून तर तुझ्या बाबतीत चुकलं. आता काम पाहिल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. चल, दुकान उघड.”

दुकानात बाई स्टुलावर बसल्या. काल भरलेली पंपाची मोटर नुसती गुरगुरत होती, फिरत नव्हती. चिमणीने बटण बंद केलं.

“बाबा, तारेची एक कॉइल उलटी जोडलीय.”

“कशावरून?”

“जोर लावतेय, पण आपसातच भांडतेय.”

“कुठली ते कसं शोधशील?”

ती बोलत गेली. तो विचारत गेला. एकदा ती अडली, तेव्हा त्याने फक्त टेस्टर तिच्यासमोर सरकवला. तासाभराने तिने जोड बदलला आणि बटण दाबलं. मोटर इतकी अलगद फिरली की बाकावरचा चहाही हलला नाही. हे तो रोज पाहत आला होता. आज बाई डोळे विस्फारून बघत होत्या, म्हणून त्यानेही पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“तू तिला एकदाही उत्तर सांगितलं नाहीस,” बाई हळूच म्हणाल्या.

त्याने मोटर बंद केली. “म्हणजे तेव्हा तुमचं चुकलं नव्हतं?”

“चुकलंच होतं. चुकीच्या जागी बसून तू शिक्षक झालास, ते कौतुक तुझं. पान आहे तसंच राहील.”

“आणि हिचं?”

“आता मला कशाला विचारतोस?”

“बाबा, साडेचार वाजले,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

त्याने हात पुसले, अर्ज बाकावर पसरला आणि रिकाम्या रकान्यात ‘मोटर वाइंडिंग’ लिहिलं. सहीजवळ वार्निशचा ठसा उमटला.

“डाग पडला की, बाबा!”

“पडू दे. कुठून आलीस ते कळेल त्यांना.” मग तो बाईंकडे वळला. “सहा वर्षांनी हिलाही बघायला या. पण बाई, या खेपेला मिक्सर खरंच बिघडवून आणा.”