यादीत नसलेली येळवस

आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारी पहिली मी. भोकरजवळच्या खेड्यातून नांदेडला कॉलेजला गेले, बी.कॉम. झाले आणि लातूरच्या एका डाळमिलमध्ये एचआरच्या टेबलावर बसले. कुणाच्या ओळखीनं बसले नाही, हे आधीच सांगते.

पुण्याहून नवे मॅनेजर आले तेव्हा त्यांनी माझी दोन पत्रं वाचली आणि म्हणाले, "मॅडम, मराठी जरा गावाकडची वाटते. एआयकडून लिहून घेत चला." राग आला. पण वापरून पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, आवडलं. अर्धा दिवस खाणारं पत्र चहा निवायच्या आत तयार व्हायचं. मग मी गणवेशाची सूचना, नेमणूकपत्रं, सगळंच त्याच्याकडून घ्यायला लागले. वर्षाच्या सुट्ट्यांची यादीसुद्धा. 'महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी सुट्ट्या सांग' म्हटलं, त्यानं छान तक्ता करून दिला. मी सही ठोकली आणि गेटवर चिकटवला.

त्या तक्त्यात येळवस नव्हती.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी लातूर शहरात माणूस सापडत नाही. सगळी शेतात, कडब्याच्या कोपीसमोर, म्हणजे छोट्या खोपटासमोर पूजा, मग जेवायला भज्जी, उंडे आणि माठातली आंबील. या दिवसाची रजा कुणी मागत नाही, कुणी देत नाही. मिलचे मालक स्वतः शेतात जातात आणि मिल आपोआप बंद राहते. कधी कुठं लिहायची वेळच आली नव्हती, म्हणून यादीत ती नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही. आमच्या भोकरकडं येळवशीचं एवढं नसतं. त्यामुळे मिलमधल्या डाळ निवडणाऱ्या एका मावशीनं मला तिच्या शेतात जेवायला नेलं. जाताना मी सवयीनं फोनवरून रजा टाकली. ऑफिसच्या लोकांना तेवढी सोय आहे, निवडणीच्या बायकांना नाही.

दोन दिवसांनी पुण्याच्या साहेबांनी बोलावलं. "निवडणीची अख्खी शेड न सांगता गैरहजर. कारणे दाखवा नोटिसा काढा. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटंही लागली नाहीत. 'पूर्वसूचना न देता अनधिकृतपणे गैरहजर राहून आपण उत्पादनात अडथळा निर्माण केला आहे.' एक काना-मात्रा चुकलेली नाही. नावं घातली, छापलं. त्या गठ्ठ्यात मावशीचाही कागद होता. लेकीच्या बाळंतपणात झालेल्या खाड्यांसाठी तिला आधी दोन नोटिसा मिळाल्या होत्या, आणि आमच्या मिलमध्ये तिसरीला काम सुटतं.

आमच्याकडं जो नोटीस काढतो त्यानंच ती शेडमध्ये वाचून दाखवायची, मग सही नाहीतर अंगठा घ्यायचा. मी वाचायला उभी राहिले. मावशी हात पुसत पुढं आली.

"म्हंजी मी न सांगता गेले म्हनायलीस?"

"असं लिहिलंय, मावशी."

"आन तू त्या दिवशी कुनाच्या शेतात जेवलीस?"

मागं बायका हसल्या. एक म्हणाली, "म्याडमनं दोनदा आंबील मागून घेतली की. तिची नोटीस कुठाय?"

मावशी हसली नाही. "तिसरी हाय ना ही?"

"हाव."

"मग तेवढं सांग पोरी. उद्या येऊ का नको?"

मी गठ्ठा उचलला, गेटवरची यादी काढली आणि दोन्ही घेऊन साहेबांसमोर ठेवलं.

"सर, नोटिसा परत घेतेय. यादी चुकलीय."

"यादीत नाही ती सुट्टी नाही, मॅडम."

"त्या दिवशी मालक कुठं होते, सर?"

त्यांनी यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण चूक कुणाच्या नावावर टाकायची? एआयच्या?"

"माझ्या. खाली सही माझी आहे."

"मग मेमो तुम्हाला निघेल."

"काढा. फक्त एआयकडून लिहून घेताना त्याला येळवस म्हणजे काय ते आधी सांगा, नाहीतर परत चुकेल."

दुपारी मी हातानं चार ओळी लिहिल्या. येळवशीला मिल बंदच असते, ते यादीत लिहायचं माझ्याकडून राहिलं, कुणाचीही गैरहजेरी धरलेली नाही, नोटिसा रद्द. शेडमध्ये वाचलं. मावशीनं सवयीनं अंगठा पुढं केला.

"अंगठा नको, मावशी. चूक माझी हाय, सही मी केलीय."

"मग उद्या येते," एवढंच म्हणून ती सुपाकडं वळली.

मेमो तिसऱ्या दिवशी आला, तोही एआयचाच, लई गुळगुळीत. खाली खुलाशाला जागा सोडलेली होती. मी पेनानं लिहिलं: 'चूक मान्य. यंत्र वापरणं सोडणार नाही. पण कामगाराच्या हातात जाणारा कागद आधी मी वाचणार, आणि पटला नाही तर तो निघणार नाही. दरवर्षी येळवशीला मी शेतात असेन, रजा न टाकता.'

साहेबांनी तो वाचला आणि फाईलला लावला. अजून तिथंच आहे. मीही माझ्या टेबलावरच आहे.