कोरे राहिलेले दोन रकाने

अध्यापक विद्यालयात त्यांना त्यांच्या नावाने फारसं कोणी ओळखत नसे. सगळे त्यांना ‘पंचपदी’ म्हणत. पाठीमागे विद्यार्थी म्हणत, आणि तोंडावर शिपाईसुद्धा चुकून म्हणून जाई. सर रागवत नसत. एकतीस वर्षं एकच विषय शिकवणाऱ्या माणसाला काहीतरी टोपणनाव पडणारच.

विषय होता पाश्चात्त्य शैक्षणिक विचारांचा इतिहास. दोनशे पानांची, कडा झिजून मऊ झालेली एक वही, आणि त्यातून ओळीने येणारी माणसं. उत्तर न देता नुसते प्रश्न विचारत फिरणारा ग्रीक. लेकरांच्या पुस्तकात पहिल्यांदा चित्रं घालणारा धर्मगुरू. मूल म्हणजे कोरी पाटी म्हणणारा इंग्रज. मुलाला निसर्गात मोकळं सोडा म्हणणारा आणि स्वतःची पाचही मुलं अनाथालयाच्या दारात ठेवून आलेला तो लेखक. इथे वर्ग दरवर्षी हसायचा आणि सर दरवर्षी तेवढाच वेळ थांबायचे. मग युद्धात पोरकी झालेली मुलं गोळा करून शिकवणारा, मुलांची बाग फुलवणारा, छोट्या खुर्च्या करून घेणारी डॉक्टरीणबाई, शाळेची प्रयोगशाळा करणारा अमेरिकन.

आणि मध्येच तो जर्मन प्राध्यापक. नवा विचार मनातल्या जुन्या विचाराला कसा जोडला जातो, हे त्याने शोधलं आणि त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिष्यांनी त्यांच्या पाच केल्या, हीच ती पंचपदी. पुढे कोणीतरी त्यांचे रकाने छापले. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन. त्या रकान्यांत भरून आणलेलं पाठाचं टाचण तपासणं, ही सरांची दुसरी नोकरी. इतिहासाच्या तासाला ते सांगत, मुलाच्या मागे जा. सराव पाठाच्या तासाला विचारत, हेतुकथन कुठे आहे?

सरांच्या पत्नीने बालवर्गात उभी हयात घालवली होती. ती म्हणायची, “अहो, तुमचं बरंय. वर्गात स्वातंत्र्य वाटायचं आणि बाहेर पडताना दारात झडती घ्यायची.”

“परीक्षा म्हटलं की काही मोजमाप लागतंच,” सर म्हणत.

“मोजा हो. नाही कोण म्हणतंय?”

त्या वर्षी वर्गात ताई होती. वयाने इतरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत, सरसुद्धा. ती एका लहान शाळेत हंगामी शिक्षिका होती. पाठ परीक्षेत दोनदा नापास झालेली. मुख्याध्यापिकेने तिला स्पष्ट सांगितलं होतं, या वर्षी प्रमाणपत्र आणलं नाहीस तर तुझ्या जागी दुसरी येईल. घरी दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ताईच्या हातात ही एवढीच नोकरी होती.

परीक्षेच्या दिवशी तिचा पाठ होता, पाण्याची वाफ होते. मागच्या बाकावर सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. समोर गुणपत्रिका, प्रत्येक रकान्यापुढे गुण. प्रस्तावना ठीक झाली, हेतुकथन झालं. ओल्या फडक्याने पुसलेला फळा मुलांच्या डोळ्यांदेखत कोरडा झाला. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, “बाई, शाईपण वाळते. मग तिचं पाणी उडून जातं, तर रंग का नाही जात?”

ताई थांबली. टाचणात याचं उत्तर नव्हतं. तिने हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

“अरेच्चा! का बरं नाही जात? मलाही आत्ता नीट सांगता येणार नाही. बघूया का?”

मग त्या वर्गाचं काय झालं, हे सरांना पुढे कितीदा तरी आठवायचं. कोणी बशी आणली, कोणी डब्यातलं मीठ आणलं. एकीत शाईचं पाणी, एकीत मिठाचं, एकीत नुसतं. खिडकीत ऊन होतं तिथे सगळी पोरं गोळा झाली. “मीठ मागे राहणार!” “नाही, तेपण उडणार!” “तुझं डोकं उडणार!” अशी जुंपली. ताई मध्ये उभी राहून फक्त विचारत होती, “तुला असं का वाटतं?”

सरांच्या अंगावर काटा आला. वहीतली ती सगळी माणसं एका खोलीत गोळा झाल्यासारखं त्यांना वाटलं. एकतीस वर्षांत असा पाठ त्यांनी पाहिला नव्हता.

तेवढ्यात घंटा झाली. बशा अजून ओल्याच होत्या. संकलन नाही, उपयोजन नाही.

परीक्षक घड्याळाकडे बघून म्हणाले, “विवेचनातच भरकटली हो बाई. दोन रकाने कोरे. तुमची विद्यार्थिनी आहे सर, तुम्ही भरा, मी सही करतो.”

सरांनी पेन उघडलं. प्रस्तावना, दहापैकी आठ. हेतुकथन, पाचपैकी चार. संकलन शून्य, उपयोजन शून्य. विवेचनाला पंधरा गुण होते. तिथे तेरा दिले असते तरी ताई उत्तीर्ण व्हायला लागणाऱ्या पंचविसावर पोचून सुटली असती. पण शेजारचा माणूस ‘भरकटली’ म्हणाला होता. पुढे तपासणी झाली तर कारण काय लिहायचं? जे पाहिलं त्यासाठी कागदावर जागा नव्हती. सरांनी अकरा लिहिले. एकूण तेवीस.

निकालानंतर ताई शिक्षकखोलीत आली. रडली नाही. म्हणाली, “सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, मुलाच्या मागे जा म्हणून?”

सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “ते पेपरात लिहायचं असतं, ताई.”

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांना मागे घ्यावंसं वाटलं. पण शब्द सुटून गेला होता.

चार महिन्यांनी फेरपरीक्षा होती. तोवर मुदत द्या म्हणून सर स्वतः मुख्याध्यापिकेकडे जाऊन विनवणी करून आले. तेवढ्यावर न थांबता आठ शनिवार त्यांनी ताईला रिकाम्या वर्गात उभं केलं. प्रस्तावना पाच मिनिटं. विवेचन अठरा. मुलाने मध्येच काही विचारलं तर, “छान प्रश्न, नंतर पाहू.” रिकाम्या बाकांना ताई हे वाक्य म्हणे. पहिल्यांदा अडखळली. चौथ्या शनिवारी सफाईने म्हणू लागली. घरी पत्नीने विचारलं, “काय शिकवताय तिला?” सर म्हणाले, “वाचवतोय तिला.” पत्नी उठून आत निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

फेरपरीक्षेला तोच विषय, तेच परीक्षक, वर्ग मात्र दुसरा. पाठ घड्याळासारखा चालला. मुलं हाताची घडी घालून बसली होती. विवेचनाच्या मध्यावर मागून दुसऱ्या बाकावरच्या, सरांच्या अगदी पुढ्यातल्या मुलीने हात वर करून काहीतरी विचारलं.

“छान प्रश्न, नंतर पाहू. हात खाली,” ताई म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

मुलीने हात खाली घेतला. मग मागे वळून तिने सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली आणि विवेचनापुढे आकडा लिहिला, पंधरापैकी चौदा.

“आता कशी गाडी रुळावर आली!” परीक्षक खुशीत म्हणाले. एकूण चव्वेचाळीस.

व्हरांड्यात ताईने वाकून सरांना नमस्कार केला. तिचा जीव भांड्यात पडला होता. चेहरा मात्र कोणी पुसून घेतल्यासारखा कोरडा होता.

“सर, तुमच्यामुळे सुटले,” ती म्हणाली. जाता जाता थांबली. “सर, ती मागची मुलगी काय विचारत होती हो? पुढच्या रकान्याच्या नादात मला नीट ऐकूच आलं नाही.”

सरांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

“काही नाही, ताई,” ते म्हणाले. “तसं विशेष काही नव्हतं.”