चाचांनी पसंत केलेलं रिव्हॉल्व्हर

ती हकिकत मी कधी विसरलो नव्हतो. पण गेल्या महिन्यात लातूरला एका शस्त्रांच्या दुकानात उभा राहिलो आणि ती पुन्हा पहिल्यापासून आठवली. कुणाचंही नाव मी इथं घेणार नाही. त्यातले काही लोक आज हयात आहेत, आणि ज्यांचं नाव घ्यावंसं फार वाटतं ते नाहीत.

मी तेव्हा नांदेडला उपनिरीक्षक होतो. शस्त्र परवान्यांची चौकशी माझ्याकडे असे. अर्ज आला की अर्जदाराच्या गावी जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत का ते पाहायचं आणि अहवाल वर पाठवायचा. परवाना हातात पडला की तोच माणूस हमखास परत येई आणि हळू आवाजात विचारी, साहेब, स्वस्तातलं पण भरवशाचं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं? परवाना मिळेपर्यंत वाघ असलेली माणसं किंमत ऐकली की मांजर होत. सरकारी कारखान्यातलं नवं रिव्हॉल्व्हर त्यांच्या आवाक्याबाहेरचं असायचं. असल्या सगळ्यांना मी चाचांकडे पाठवायचो.

चाचांचं दुकान जुन्या नांदेडात, गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. निजामाच्या काळापासून त्यांच्या घरात बंदुका दुरुस्त करण्याचं काम चालत आलेलं. जुनी शस्त्रं विकायचा आणि दुरुस्त करायचा असे दोन्ही परवाने त्यांच्याकडे होते, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत आजोबांच्या नावाचा उर्दूतला परवाना लावलेला असे. शस्त्रांच्या नोंदवह्या तपासायला म्हणून मी पहिल्यांदा तिथं गेलो. नंतर तपासायला काही नसलं तरी जाऊ लागलो. चाचा बारीक कानशीनं काही ना काही घासत बसलेले असत. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. घरात किंवा ठाण्यात जे बोलता येत नसे ते मी त्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसून बोलायचो, आणि चाचा मान वर न करता सगळं ऐकायचे.

गिऱ्हाईक आलं की चाचा आधी शस्त्र दाखवत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "घरात कोण कोण असतं?" नातवंडं आहेत म्हटल्यावर ते कुलपाच्या पेटीशिवाय शस्त्र देत नसत. म्हातारा एकटाच असला तर त्याचा हात हातात घेऊन तो थरथरतो का ते बघत. शेजारी कोण, भांडण कुणाशी, झोप येते का, असलं सगळं विचारून झालं की मग कपाट उघडत. माझ्या चौकशी अहवालात नसलेल्या गोष्टी त्यांना पाच मिनिटांत कळत. गिऱ्हाइकं वैतागायची. पोरगी बघायला आलोय का, असंही एक जण म्हणाला होता.

शस्त्राची पारखही ते सगळ्यांना समजावून सांगत. बाहेरची चकाकी बघू नका म्हणायचे. घोडा चढवून काडतुसांची चक्री हलवून बघा, ती डगडगली तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. नळी उजेडाला धरा. चाप ओढताना मध्ये अडकतो का बघा. "आन् ज्याचे सुटे भाग नांदेडात मिळत न्हाईत, ते कितीबी नामी असलं तरी आपल्या कामाचं न्हाई," हे शेवटी असायचंच.

एका दुपारी मी तिथं बसलेलो असताना कंधारकडचे एक बागायतदार बायकोला घेऊन आले. मीच पाठवलं होतं त्यांना. दोघं गावाबाहेर शेतातल्या घरात राहत. आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात. मुलं पुण्याला. त्या भागात आखाड्यांवर चोऱ्या होत होत्या, म्हणून परवाना मिळालेला. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आम्ही दोघंच, बागायतदार म्हणाले. शेजारी कोण असं विचारल्यावर त्यांचा चेहरा बदलला. शेजारी सख्खा धाकटा भाऊ होता, आणि बांधावरून दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. भावाचा विषय निघाला तसा ते इतकं बोलले की चोर बाजूलाच राहिले. बाई पदर धरून खाली बघत होत्या.

चाचांनी तीन शस्त्रं काढली आणि त्यातलं एक पुढं सरकवलं. जुनं, आखूड नळीचं, मुठीवर ओरखडे असलेलं. मी ते हातात घेऊन पाहिलं, चक्री घट्ट होती. घ्या हेच, डोळे झाकून घ्या, असं मीच म्हणालो. साफसफाई आणि कागदपत्रं करून दोन दिवसांनी न्यायचं ठरलं. आम्ही तिघं बाहेर पडून रसवंतीपर्यंत आलो तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की पिशवी दुकानातच राहिली. त्या परत गेल्या. आमचा रस पिऊन झाला, दुसरा ग्लास झाला, तेव्हा त्या पिशवी घेऊन आल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी मी कंधारला ठाणे प्रभारी होतो. एके दिवशी भर दुपारी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. दोघा भावांत बांधावर रिव्हॉल्व्हर निघालंय, लवकर या, एवढंच तो बोलला. स्टेशन डायरीला नोंद करून दोन शिपाई घेऊन मी निघालो. वाटेत माझ्या मनात प्रेताचा पंचनामा सुरूही झाला होता. पण पोचलो तर धाकटा भाऊ बांधावर धडधाकट बसलेला. कायबी झालं न्हाई साहेब, घरचं हाय, असं तो सारखं सांगू लागला. थोरला, म्हणजे मी चाचांकडे पाठवलेला तोच बागायतदार, आपल्या आखाड्यापुढच्या बाजेवर बसला होता. रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवलेलं. मला ओळखून तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

रिव्हॉल्व्हर मी पंचांसमक्ष जप्त केलं. चक्रीत सहा काडतुसं होती आणि एकही उडालेलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय, आरोपी सहसा कमी सांगतो आणि फिर्यादी जास्त. इथं सगळंच उलटं होतं. धाकटा म्हणत होता, दादानं नुसतं धाक दाखवायला काढलं. आणि थोरला ठाण्यात आल्याबरोबर काही विचारायच्या आत बोलला, "मी तीनदा चाप वढला साहेब. माझ्याच भावावर. ते उडलं न्हाई."

मी त्याला खोदून खोदून विचारलं. शस्त्र तू कधी उडवून पाहिलं होतंस का? नाही, काडतुसं महाग म्हणून कधी उडवलं नाही. कुणाकडे दुरुस्तीला दिलं होतंस? नाही. कपाटात कुलूपबंद होतं, किल्ली त्याच्याच कमरेला. मग उडलं का नाही? त्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला की पसंत तर तुम्हीच केलं होतं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. त्याच्याविरुद्ध जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल केला आणि त्याला कोठडीत घातलं.

शस्त्र प्रयोगशाळेत पाठवण्याआधी मी ते नांदेडला मुख्यालयातल्या आरमोरर हवालदाराला दाखवलं. शस्त्रं सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं घोडा मागं ओढून भिंगातून पाहिलं आणि घोड्याच्या टोकाची, काडतुसावर आदळणारी पिन मला दाखवली. ती असायला हवी त्यापेक्षा अर्ध्या तांदळाएवढी आखूड होती. "हे झिजलेलं न्हाई साहेब, घासलेलं हाय. आन् ज्यानं घासलंय त्याचा हात लई साफ हाय," तो म्हणाला. आमच्या दोघांच्याही मनात एकच नाव आलं. त्यानं ते घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

मुख्यालयातून चाचांच्या गल्लीपर्यंत दहा मिनिटांची वाट. मी जीप उभी करून पायी गेलो. मला राग आला होता, हे कबूल करायला हवं. माझ्या शब्दावर माणसानं शस्त्र घेतलं आणि त्याला मेलेलं शस्त्र दिलं गेलं. चाचांनी माझ्यासाठी स्टूल पुढं केलं. मी उभाच राहिलो आणि पिनेबद्दल विचारलं.

हो, मीच घासली, ते म्हणाले. का, तर त्या माणसाचं बोलणं ऐकून. कुणी सांगितलं होतं का? कुणी नाही. ठाण्यात बसून बसून एक कळतं, खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना हात थांबवतो. चाचांची कानस थांबली होती. आणि तेव्हा मला रसवंतीवरचा दुसरा ग्लास आठवला.

मी म्हणालो, "बाईंची पिशवी राहिली नव्हती ना चाचा? ठेवली होती."

चाचांनी कानस खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. बाई परत आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दादा, माझा मालक वाईट न्हाई, पण डोकं फिरलं की त्याला काही दिसत न्हाई. दीर मी हातावर वाढवलाय. ह्याच्यातून गोळी जाऊ नये असं काही करता येतं का? एवढं बोलून त्या पिशवी उचलून निघाल्या. चाचांनी होय किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि खरोखरच दरोडा पडला असता तर?" मी विचारलं. "त्या माणसानं विश्वासानं पैसे मोजले होते. नवरा-बायको दोघंही मेले असते."

"हाव, मेले असते," चाचा म्हणाले. "पन डाकू कवा तरी येतात साहेब. भाऊ तर रोज समोर येतो."

मी जबाब लिहायला कागद काढला. चाचांनी एकच गोष्ट मागितली. बाईचं नाव लिहू नका, नवऱ्याला कळलं तर त्या घरात तिला जागा राहणार नाही. माझं लिहा. मी त्यांना सांगितलं की याचा अर्थ काय होईल. ते भिंतीवरच्या चौकटीकडे बघून म्हणाले, मालूम हाय.

मी लिहिलं. स्वतःच्या मनानं, गिऱ्हाइकाला न सांगता पिन घासली. चाचांनी खाली उर्दूत सही केली. बाईंचा उल्लेख कुठंही आला नाही.

पिन जुनी होती, आखूड झालेली आढळली, असंही लिहिता आलं असतं. आरमोरर कुठं बोलणार नव्हता. प्रयोगशाळेनं पिन आखूड असल्याचं कळवलं असतं, कुणी घासली ते नाही. एक वाक्य बदलायचं होतं. ते मला त्या वेळी सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण मी रागात होतो, आणि माझी पारख चुकली याचा तो राग होता.

पुढं खटल्यात धाकटा भाऊ फितूर झाला. दादानं शस्त्र रोखलंच नाही, असं तो कोर्टात ठासून बोलला. सरकारी वकील चिडले, मला मात्र मनातून बरं वाटलं. थोरला सुटला, त्याचा परवाना गेला. एकदा अहमदपूरच्या बस स्टँडवर दोघं भाऊ मला दिसले. एकाच पुडीतले भुईमुगाचे दाणे खात होते. थोरल्यानं मला रामराम घातला आणि तो घाईनं गाडीकडे गेला. त्याच्या बायकोनं काय केलं होतं ते त्याला माझ्या माहितीप्रमाणे शेवटपर्यंत कळलं नाही.

चाचांचे दोन्ही परवाने रद्द झाले. दुकान बंद करून ते लातूरला मुलीकडे गेले आणि जावयाच्या दुकानात शिलाई मशीनं दुरुस्त करू लागले. माझी शेवटची बदलीही लातूरलाच झाली. जीपमधून जाताना मला ते दिसायचे, तसेच मान खाली घालून काहीतरी घासत बसलेले. ड्रायव्हरला थांब म्हणायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. अंगावर वर्दी आहे, वर्दीत कसं जायचं, निवृत्त झालो की साध्या कपड्यात जाऊ, असं मी ठरवलं होतं. निवृत्तीनंतर आठवड्याभरात गेलो. जावई म्हणाला, अब्बा हिवाळ्यात गेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "तुमची याद काढायचे," तो म्हणाला. "साहेबानं बाईचं नाव लिव्हलं न्हाई म्हनायचे." मी तिथं बसू शकलो नाही.

माझी पत्नी गेली त्याला दोन वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो. बाबा, तुम्ही एवढ्या लोकांना आत टाकलंत, घरी एकटे राहता, एखादं रिव्हॉल्व्हर घेऊन ठेवा, असा त्याचा हट्ट. परवाना काढला आणि गेल्या महिन्यात त्या दुकानात गेलो. काचेची कपाटं, थंडगार हवा, कोटातला तरुण विक्रेता. त्यानं अदबीनं खुर्ची दिली. माझं बजेट विचारलं. हे सगळ्यात भरवशाचं, हे वजनाला हलकं, याच्यावर अमुक वर्षांची हमी, असं तो एकेक दाखवत गेला. त्याचं काही चुकत नव्हतं. मी घोडा चढवून चक्री हलवून पाहिली, नळी उजेडाला धरली. सगळी शस्त्रं चांगली होती.

तरी मी अर्धा तास बसून राहिलो. विक्रेत्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं ठरत नाही. ठरायचा प्रश्न नव्हता. नोकरीत मी काय शिकलो असं लोक विचारतात. शस्त्र कुणाच्या घरात चाललंय ते आधी बघावं, एवढं मी चाचांकडून शिकलो. आणि ते कळायच्या आत त्यांचं दुकान बंद केलं.

शेवटी विक्रेत्यानं विचारलं, सर, आणखी काही माहिती हवीय का? मी नको म्हणालो आणि रिकाम्या हातानं बाहेर आलो. घरात कोण कोण असतं, हे त्यानं एकदा विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं, कुणी नाही.