जाऊन आलो ते जांभळं

कॉम्प्युटर सुरू व्हायला तेव्हा चार-पाच मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात माणसं गप्पा मारणार नाहीत तर काय करणार? आमच्या कोर्सचे निम्मे किस्से त्या चार मिनिटांत घडले आणि उरलेले मशीन बंद पडल्यावर. शिकलेलं बरंचसं विसरले, किस्से मात्र होते तसे आहेत.

मी साताऱ्याची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या एका कॉलेजात वेब आणि ग्राफिक डिझाइनचा वर्षाचा कोर्स निघाला आणि मावशीकडे राहून मी तो केला. बारा मशीन, त्यातली नऊ चालू, एकेका मशीनवर दोघं. चपला बाहेर. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून आमचे माने सर आम्हाला पाय पुसायला लावायचे आणि स्वतः कीबोर्डशेजारी भेळ खात बसायचे.

*

माझ्या मशीनवरचा जोडीदार बजरंग पेंटर. जत तालुक्यातला, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, लग्न झालेला. दहा वर्षं त्यानं दुकानांचे बोर्ड आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या. मग रेडियमवाले आले आणि नंबरप्लेटांचं काम गेलं. कुपवाडला पुठ्ठ्याची खोकी छापणारा एक कारखाना होता. तिथल्या मालकानं त्याला सांगितलं होतं, "कोर्स पास होऊन ये, डिझाइनच्या खुर्चीवर बसवतो." त्या खुर्चीसाठी तो आला होता.

पेंटर लोक रेघ मारताना मनगटाखाली काठी धरतात. बजरंगनं ती काठी लॅबमध्ये आणली, डाव्या हातात आडवी धरली आणि तिच्यावर उजवं मनगट टेकवून माउस चालवायला लागला.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"हात ठरत न्हाई, सर."

सरांनी शिफ्टचं बटण दाबून धरलं. "आता ओढ."

रेघ सुतासारखी सरळ आली. बजरंगनं ती पुसली, परत ओढली. परत सरळ.

"मग आमी धा वर्सं काय केलं?" तो म्हणाला.

सर पुढच्या मशीनकडे गेले.

*

सुरेखा औंधची. तिनं गावातल्या यमाईच्या देवळाचं वेब पेज केलं होतं आणि त्यात निळ्या अक्षरांची, खाली रेघ असलेली एक लिंक टाकली होती. लिंकवर क्लिक केलं, दुसरं पान उघडलं, परत आली तर निळी अक्षरं जांभळी! पोरगी इतकी घाबरली, की मशीन बंद करून हात मांडीवर घेऊन बसली. तासाभरानं सरांकडे जाऊन म्हणाली, "सर, माझ्याकडून बिघडलंय. भरपाई किती होईल?"

सर हसले. "बिघडलं नाही गं. आपण जिथं जाऊन आलो, ते जांभळं दिसतं. तू येऊन गेलीस हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो."

"मतदानाच्या शाईवानी हाय की," बजरंग म्हणाला. पुढे वर्षभर आम्ही लिंक क्लिक केली असं म्हणायचोच नाही, मत टाकलं म्हणायचो.

*

वेब शिकत होतो, पण इंटरनेट फक्त गुरुवारी. कॉलेजात फोनची लाइन एकच, तीही प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये. आम्ही अठरा जण तिथं दाटीवाटीनं उभे राहायचो. एकदा सरांनी परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या डिझायनरचा फोटो लावला. फोटो वरून खाली येत होता. दहा मिनिटांत केस आले, पुढच्या पाच मिनिटांत कपाळ. भुवया दिसायला लागल्या आणि प्रिन्सिपलांनी घरी फोन लावायला रिसीव्हर उचलला. लाइन तुटली.

त्या माणसाचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. कपाळ कुठंही ओळखेन.

*

आता माझी फजिती. मामाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका मी करणार असं मीच जाहीर केलं. फ्लॉपी घेऊन ऐटीत साताऱ्याच्या प्रेसमध्ये गेले. तिथल्या कॉम्प्युटरवर माझा मराठी फॉन्टच नव्हता. सगळी पत्रिका इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम अशी निघाली. मला रडू यायचं बाकी होतं.

सोबत आलेला मामा फौजेतून रिटायर झालेला, सिग्नलचा माणूस, सांकेतिक संदेश उलगडण्यात नोकरी गेलेली. त्यानं कागद हातात घेतला. "लय ओळखीचं वाटतंय ह्ये. पेन्सिल हाय का?"

"मामा, ते चुकलंय सगळं."

"गप गं. पोरीचं नाव मला ठाव हाय. तिथनं सुरू करतो."

मी सांगलीला फोन करून फॉन्ट कसा मागवायचा ते विचारत होते, मामा बाकड्यावर बसून एकेक खूण उलगडत होता. दुपारी त्यानं मला हाक मारली.

"पाहुणे वाईचे लिवलेत तू. कराडचे हायत."

खरंच चुकलं होतं.

*

आणि शेवटची प्रॅक्टिकल. दिवाळीआधीच्या प्रॅक्टिकलला बजरंग नापास झाला होता. त्याचं डिझाइन सगळ्यात देखणं असायचं, पण कोडचे इंग्रजी टॅग काही केल्या पाठ होत नव्हते. या वेळीही नापास झाला असता तर वर्ष परत करावं लागणार होतं आणि कुपवाडचा मालक तेवढा थांबणार नव्हता. आदल्या आठवड्यात मी त्याला रोज टॅग पाठ करायला लावले. मलाच त्याची धास्ती वाटत होती.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कमी बोलणारे. विषय दिला, हळदीच्या व्यापाऱ्याची चार पानी वेबसाइट. अर्ध्या तासात लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं ओरडला आणि गप्प झाला. तासभर वाट बघून परीक्षक म्हणाले, "कोड कागदावर लिहा. जे दाखवाल त्याला मार्क."

आम्ही लिहायला लागलो. बजरंग तसाच बसून राहिला, मग उभा राहिला. "सर, रंगवलं तर चालंल का?"

परीक्षकांनी त्याच्याकडे बघितलं. "बघू."

त्यानं सायकलच्या कॅरिअरवरून रंगाचा डबा आणला, खिडकीखाली चार ड्रॉइंग शीट पसरली आणि मनगटाखाली काठी घेतली. वेळ संपताना परीक्षक त्याच्यापाशी पोचले. पहिल्या शीटवर हळदी रंगाची पट्टी, कडेला स्क्रोल बार, खाली निळ्या अक्षरांत, रेघेसकट, तीन लिंक.

"चालते का ही?"

"क्लिक करा, सर."

परीक्षकांनी 'संपर्क'वर बोट ठेवलं. बजरंग हलला नाही. "थांबा, येतंय," म्हणाला, आणि सावकाश खालचं शीट वर घेतलं. संपर्काचं पान. परीक्षकांनी ते वाचलं आणि 'मुख्य पान'वर बोट ठेवलं. पहिलं शीट परत वर आलं.

"हे अजून निळंच आहे," परीक्षक म्हणाले.

लॅबमध्ये कुणी लिहीत नव्हतं. बजरंगनं कुंचला बुडवला, काठी टेकवली आणि 'संपर्क'ची तीनही अक्षरं जांभळी केली.

परीक्षकांनी वाकून त्यावर पुन्हा बोट ठेवलं. रंग ओला होता. त्यांनी ते जांभळं बोट डोळ्यांसमोर धरलं, पुसलं नाही, आणि दुसऱ्या हातानं खिशातलं पेन काढून त्याच्या नावापुढे 'पास' लिहिलं.

"माझं मत टाकून झालं," ते म्हणाले. "आता तूही परत येऊ नकोस."