दत्तराव सर आणि दोन मुली

अंतिम सामना रंगात आला की दत्तराव सर शिट्टी मारून तो थांबवायचे, मैदानाच्या मधल्या रेषेवर उभे राहायचे आणि पायातली चप्पल काढून डोक्याच्या वर धरायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आता कुणाला तरी बसणार. सर भोंग्यावर म्हणायचे, "ही पायात घालायची वस्तू हाय. फिट आलेल्या लेकराच्या नाकाला लावायची न्हाई. लेकराला कुशीवर करा आन् डॉक्टरकडं न्या." मग चप्पल पायात, शिट्टी तोंडात आणि खेळ पुढे सुरू.

आखाडा बाळापूरच्या शाळेत ते खेळाचे सर होते. सुगी झाली की कबड्डीचे सामने भरवायचे, तेही फिटच्या आजारासाठी. सामना अर्ध्यावर आला की आम्ही खेळाडू मातीच्या अंगानं चादर धरून लोकांतून फिरायचो. जमलेल्या पैशातून गोरगरिबांना नांदेडच्या डॉक्टरकडे न्यायचं, त्यांना गोळ्या आणून द्यायच्या. त्या पैशाबद्दल सरांविरुद्ध मी आजही शब्द ऐकून घेत नाही. कित्येक घरांतली अंगारे-धुपाऱ्यांची राख या माणसानं बंद केली. आम्हाला ते सांगायचे, "पकड झाली म्हणून लाजायचं न्हाई. लाइनीकडं हात लांबवायचा. आजाराचंबी तसंच हाय."

माझा बाप मी पाचवीत असतानाच गेला. आई दुसऱ्याच्या वावरात जायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि कॉलेजात नाव घालायला माझ्यासोबत आले ते सर. माझ्या धाकट्या बहिणीला, कांताला, लहानपणापासून फिट यायची. सरांनी आणलेल्या गोळ्यांनी ती थांबली. आमच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल सरांचा मान होता, यात अतिशयोक्ती नाही.

त्यांच्या सामन्यांत एक रीत होती. विजेत्या संघाला ढाल आमदाराच्या हातून नाही, फिटच्या पेशंटच्या हातून. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या साली सरांनी कांताचं नाव काढलं. आई नको म्हणाली. पोरगी लग्नाची आहे, चारचौघांत कशाला, म्हणाली. सर आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"मावशी, तुमीच झाकून राहिल्या तर दुसऱ्यानं काहून सांगावं?"

"तिला कोण करंल, सर?"

"खरं ऐकून जो येईल, तोच करावा. बाकीचे गेले तर जाऊ द्या."

घरात बाप नव्हता. सरांचा शब्द आम्ही बापाचा धरला. कांतानं नवं पातळ नेसून ढाल दिली. सरांनी भोंग्यावर तिचं नाव, गाव, आजार सगळं सांगितलं. टाळ्या फार पडल्या. मी त्या दिवशी छाती फुगवून फिरलो.

त्यानंतर कळमनुरीकडची एक सोयरीक अर्ध्या वाटेतून परत गेली. दुसरीवाले चहा पिऊन गेले आणि निरोप धाडतो म्हणाले. मग लोक यायचेच थांबले. आईनं सरांना बोल लावला नाही. कांतानं शिलाई मशीन घेतली आणि गावाचे झंपर शिवू लागली. जग मागासलेलं आहे, सर पुढचे आहेत, असं मी आईला समजवायचो. शिकलेला होतो ना.

दोन-तीन वर्षांनी सरांच्या मुलीचं, सुनिताचं, लग्न शिरड शहापूरला झालं. पंगतीत बुंदी वाढायला मी होतो. कांता पाच दिवस सरांच्या घरी राहून नवरीचे झंपर शिवत होती.

पुढच्या उन्हाळ्यात सुनिताच्या सासरी हळद शिजत होती. ती कढईजवळ बसून चुलवाणात पाचट सारत होती. तिथंच तिला फिट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. लोकांनी आधी तिच्या नाकाला चप्पल लावली, मग दवाखान्यात नेलं. हात बरा झाल्यावर सासू तिला जीपमध्ये घालून सरांच्या दारात घेऊन आली. मी तिथंच होतो. ती बाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, सांगितलं असतं तर मी हिला चुलवाणापाशी बसवली असती का?"

सुनिताला सातवीपासून फिट येत होती. गोळ्या पावडरच्या डब्यात लपवून तिला सासरी धाडलं होतं. तिथं चोरून घेता घेता त्या सुटल्या. म्हणजे सरांचे सामने, ती चादर, ते भाषण, सगळं ह्या मुलीपायी उभं राहिलं होतं आणि तिचं नाव तेवढं कधी घेतलं गेलं नव्हतं.

सासू तिला सोडून गेल्यावर मी विचारलं, "सर, तवा आमच्या ओसरीवर काय बोलला होता तुमी?"

सर म्हणाले, "बालाजी, बापाचं काळीज येगळं असतं."

"आमच्या घरी बाप न्हवता, म्हणून कांता मैदानात आली का?"

मी पुन्हा त्यांच्या संघात खेळलो नाही.

त्यांनी सामने पुढेही भरवले. गोळ्याही पोचवत राहिले. हे लिहिलं पाहिजे, कारण ते खरं आहे. ओसरीवरचं खोटं जितकं खरं, तितकंच हेही.

आजारी पडले त्या वर्षी ते एकदा आमच्याकडे आले. मी घरातून बाहेर आलो नाही, दाराआडून ऐकत राहिलो. कांतानं मशीन थांबवून त्यांना चहा दिला. सर म्हणाले, "पोरी, माझ्याकडून चूक झाली. तुझं नाव घ्यायला नको होतं."

कांता म्हणाली, "नाव घेतलं त्याचं मला काही न्हाई, सर. खरंच होतं ते. पण तवा सुनिताला माझ्या बाजूला उभी केली असती, तर आमी दोघी असतो. मी येकटी पडले."

सरांनी कप खाली ठेवला. कांता पुन्हा मशीनवर बसली. कुणाच्या तरी लग्नाचं काम होतं, संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.